कुटुंबाचे छायाचित्र : ठरवून काढावे, जपून ठेवावे

आष्टा : पुण्यस्मरणाची जाहिरात देण्यासाठी वृत्तपत्राच्या कार्यालयात येणारा माणूस मजकूर बहुधा घरूनच लिहून आणतो. अडते ते छायाचित्रापाशी. कुणी मतदार ओळखपत्राची झेरॉक्स पुढे करतो, तर कुणी मोबाईलमधील लग्नाच्या पंगतीचे छायाचित्र दाखवून 'यातली आमची आई तेवढी घ्या' असे सांगतो. त्या छायाचित्रात आई वाढपाचे भांडे घेऊन वाकलेली असते, नाहीतर तिचा निम्मा चेहरा दुसऱ्याच्या फेट्याआड गेलेला असतो. पंच्याहत्तर वर्षे जगलेल्या, चार मुले वाढविलेल्या बाईचे एकही धड छायाचित्र घरात नाही, हे त्या मुलाला आमच्या टेबलासमोर उभे असतानाच प्रथम उमगते. तेव्हा मात्र उपाय उरलेला नसतो.

घरोघरी कॅमेऱ्याचे मोबाईल आले, तरी ही अडचण कमी झालेली नाही. मोबाईलमधील छायाचित्रे प्रसंगांची असतात, माणसांची क्वचितच. जो छायाचित्र काढतो तो स्वतः त्यात नसतो. वयस्कर मंडळी एका बाजूला बसून राहतात. काढलेली हजारो छायाचित्रे कागदावर कधीच उतरत नाहीत आणि मोबाईल बिघडला की त्याच्याबरोबर जातात. म्हणूनच वर्षा-दोन वर्षांतून एकदा, सारे कुटुंब एकत्र बसवून, जाणकार छायाचित्रकाराकडून एक तरी चित्र काढून घेणे हा हौसेचा भाग न मानता घरातील आवश्यक काम मानले पाहिजे. ते कसे पार पाडावे, याची ही माहिती.

राजगृहातील एक छायाचित्र

अशा छायाचित्राचे मोल काय असते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातील बहुतेकांनी पाहिलेले आहे. दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' या निवासस्थानी फेब्रुवारी १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कुटुंबाचे एक छायाचित्र काढण्यात आले. त्यात डावीकडून चिरंजीव यशवंत, स्वतः बाबासाहेब, पत्नी रमाबाई, भावजय लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंद अशी मंडळी आहेत. घरातील टॉबी नावाचा कुत्राही त्यात आहे. यानंतर सुमारे सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले.

त्या दिवशी छायाचित्र काढले गेले नसते, 'पुढे बघू' म्हणून राहिले असते, तर नव्या घरात सर्व कुटुंबासह असलेल्या रमाबाईंचे हे दर्शन पुढच्या पिढ्यांना घडले नसते. या चित्रातील आणखी दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, लक्ष्मीबाई या बाबासाहेबांच्या दिवंगत थोरल्या बंधूंच्या पत्नी. विधवा स्त्रीला शुभप्रसंगी मागे ठेवण्याची रीत सर्वत्र असताना त्या येथे कुटुंबाबरोबर आहेत. दुसरी अशी की, कोण कुठे आहे याची नोंद छायाचित्राबरोबर टिकली. नावे नसती तर आज त्यातील निम्म्या व्यक्ती कोण, हे सांगता आले नसते.

आपल्या घरातील माणसे थोर पुरुष नसतील, परंतु नातवंडांच्या लेखी त्यांचे मोल कमी नसते. पणजीचा चेहरा कसा होता, आजोबांची उंची केवढी होती, आत्या कुणावर गेली, हे सांगणारे दुसरे साधन सामान्य घरात नसतेच.

लग्नातील ग्रुप फोटो पुरत नाही काय?

'लग्नात झालाच की सगळ्यांचा फोटो' असे उत्तर पुष्कळदा मिळते. परंतु लग्नातील छायाचित्राचा केंद्रबिंदू वधू-वर असतात. घरची कर्ती माणसे त्या दिवशी घामाघूम झालेली, कुणी पाहुण्यांच्या मागे, तर कुणी आचाऱ्याच्या मागे धावत असतात. व्यासपीठावर येणाऱ्यांची रांग लागलेली असल्याने एका कुटुंबाच्या वाट्याला अर्धा मिनिटही येत नाही. म्हणून घरात लग्न असेल तर कुटुंबाचे छायाचित्र हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी उरकावे. पाहुणे आलेले असतात, पण धावपळ सुरू झालेली नसते.

दिवस कोणता निवडावा?

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेल्या आपल्या भागात शेती हाच बहुतेकांचा आधार आहे. तरीही आज क्वचितच एखादे कुटुंब संपूर्णपणे गावात राहत असेल. एक भाऊ पुण्याला नोकरीत, दुसरा मुंबईत, मुलगी सासरी, नातू परदेशात. विटा-खानापूर भागातील गलाई व्यावसायिकांची कुटुंबे तर देशभरात विखुरलेली आहेत. तेव्हा अवघड भाग छायाचित्र काढण्याचा नाही, सर्वांना एका दिवशी एका ठिकाणी आणण्याचा आहे.

यासाठी भाऊबीजेचा दिवस किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ उत्तम. सुट्टी असते, माहेरवाशिणी आलेल्या असतात, सर्वांकडे चांगले कपडे असतात. पावसाळा संपल्याने हवाही स्वच्छ असते. आष्टेकरांना चौंडेश्वरी देवीच्या भावई उत्सवाचे निमित्तही आहेच. मात्र ते दिवस पावसाचे असल्याने छायाचित्र घरात किंवा स्टुडिओत काढण्याची तयारी ठेवावी. गौरी-गणपतीलाही हीच दक्षता घ्यावी लागते. उसाची तोड सुरू झाली की शेतकरी घरातील पुरुषांना सवड नसते. मार्च महिना परीक्षांचा. एप्रिल-मे महिन्यांत सुट्टी असली, तरी सकाळी नऊनंतरचे ऊन म्हाताऱ्या माणसांना सोसवत नाही.

आई-वडिलांची पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन ही निमित्तेही योग्य आहेत. एक हजार पौर्णिमा पूर्ण व्हायला सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात. परंतु त्या सोहळ्यापर्यंत थांबू नये, एवढेच सांगावेसे वाटते. तारीख महिनाभर आधी ठरवून सर्वांना कळवावी आणि एखादा येऊ शकला नाही, तरी ती पुढे ढकलू नये. सगळे जमण्याची वाट पाहता पाहता जे असतात तेही एकेक करून कमी होतात.

कोण कोण बसणार?

हा प्रश्न वरवर साधा, पण घरात रुसवे-फुगवे याच्यावरूनच होतात. वाटण्या झालेले भाऊ एका चित्रात बसणार का, जावई येणार का, घटस्फोट होऊन माहेरी आलेली बहीण कुठे उभी राहणार, अविवाहित काका किंवा विधवा आत्या यांना कोण बोलावणार, या गोष्टी घरातील वडीलधाऱ्यांनी आधीच बोलून ठेवाव्यात. कुणाला वगळल्याचे दुःख ते चित्र भिंतीवर असेपर्यंत टिकते. मोलमजुरी करून या घरातच वाढलेला आणि कुटुंबाचाच झालेला गडी असेल, तर त्यालाही बसवावे.

माणसे पंधरापेक्षा अधिक असतील तर कागदावर रांगांचा आराखडा काढणे बरे. उदाहरणार्थ, अठरा जण असतील तर मधल्या रांगेत खुर्च्यांवर पाच वडीलधारे, पुढे सतरंजीवर पाच मुले आणि मागे आठ जण उभे, अशी रचना साधते. मागच्यांचे चेहरे पुढच्या दोन डोक्यांच्या मधल्या जागेत यावेत. तान्ह्या मुलाला आजीच्या मांडीवर द्यावे. मूल शांत राहते आणि आजीही सैल होते.

स्टुडिओ की घर?

स्टुडिओत प्रकाश छायाचित्रकाराच्या ताब्यात असतो, ऊन-पावसाची काळजी नसते. माणसे सहा-सातच्या आत असतील तर स्टुडिओ सोयीचा. माणसे अधिक असतील किंवा घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर छायाचित्रकाराला घरी बोलवावे.

घरी काढलेल्या चित्राचा आणखी एक लाभ असतो. जुने वाडे पडून सिमेंटची घरे उभी राहत आहेत. ज्या सोप्यात आजोबा पन्नास वर्षे बसले, ज्या तुळशीवृंदावनाला आजीने रोज पाणी घातले, ते चित्रात माणसांबरोबरच जपले जाते. घर पाडायचे ठरलेले असेल, तर पाडण्यापूर्वी त्याच्या पुढ्यात सारे कुटुंब उभे करून एक छायाचित्र अवश्य काढावे.

अंगणात छायाचित्र काढायचे तर सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास निवडावा. दुपारी ऊन डोक्यावरून पडते, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली येते आणि टोपी घातलेल्यांचा चेहरा तर दिसतच नाही. सूर्याकडे तोंड करून उभे केले की सारेच डोळे मिचकावतात. यापेक्षा घराच्या सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसावे. तेथे प्रकाश मऊ आणि सर्वांवर सारखा पडतो.

छायाचित्रकाराशी काय बोलावे?

लग्नाचे चित्रीकरण करणारा प्रत्येकजण समूहचित्रात वाकबगार असेलच असे नाही. त्याने पूर्वी काढलेली कौटुंबिक छायाचित्रे पाहावीत. मागच्या रांगेतील चेहरे स्पष्ट आहेत का आणि कडेची माणसे फुगल्यासारखी दिसत नाहीत ना, या दोन गोष्टी तपासल्या तरी अंदाज येतो. जवळून, रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगाने काढले की कडेचे चेहरे ताणले जातात. मोबाईलने काढलेल्या समूहचित्रांत हा दोष नेहमी दिसतो. तसेच पुढची आणि मागची रांग सारखीच स्पष्ट यावी यासाठी भिंगाचे छिद्र लहान करावे लागते. त्यामुळे आत येणारा प्रकाश कमी होतो. तेव्हा तिपाई आणि जादा दिवे आणणार का, हे विचारून घ्यावे.

पुढील बाबी बोलूनच नव्हे, तर लिहून ठराव्यात : किती वेळ देणार, किती प्रती व कोणत्या आकाराच्या देणार, किती दिवसांत देणार आणि मूळ फाईल पेनड्राईव्हवर देणार का. मोठ्या प्रतीसाठी मूळ फाईलच लागते. १२ बाय १८ इंची प्रत दर इंचाला ३०० बिंदू या दर्जाने छापायची तर सुमारे १ कोटी ९४ लाख बिंदूंची फाईल हवी. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविलेली छायाचित्रे आक्रसतात, त्यांची मोठी प्रत अस्पष्ट येते.

हक्काविषयीही माहिती असावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार झालेला नसेल तर, ते काढून घेणाऱ्याचा असतो. त्यामुळे कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचावा. आपल्या घरातील मुलींचे वा मुलांचे छायाचित्र जाहिरातीसाठी वापरू नये, अशी इच्छा असेल तर तेही त्यात लिहून घ्यावे.

कपडे आणि दागिने

अलीकडे सर्वांनी एकाच रंगाचे कपडे घालण्याची पद्धत आली आहे. त्यात गैर काही नाही, परंतु वीस वर्षांनी पाहताना तो गणवेश वाटण्याचा संभव असतो. रंग एकमेकांशी जुळणारे असावेत, एवढे पुरे. बारीक चौकटी व रेषांचे कापड टाळावे. डिजिटल कॅमेऱ्यात त्यावर विचित्र लाटा उमटतात. मोठी अक्षरे असलेले टी-शर्टही नकोत.

ज्येष्ठांना मात्र त्यांच्या रोजच्या वेषात बसू द्यावे. आयुष्यभर इरकली लुगडे नेसलेल्या आजीला सुनेची भरजरी साडी नेसविली की ती अवघडते आणि नातवंडांनाही परकी वाटते. आजोबांची टोपी, धोतर, हातातील काठी हीच त्यांची ओळख होय. चष्म्यावर प्रकाश चमकत असेल तर चष्मा काढायला लावू नये. काड्या कानांवरून किंचित उचलल्या की चमक जाते.

म्हातारी माणसे तयार होत नाहीत तेव्हा

'आता म्हातारपणी कशाला रे फोटो? मला मेलीला काय करायचंय?' हे वाक्य ऐकले नाही असे घर विरळा. पूर्वी तर छायाचित्र काढल्याने आयुष्य घटते, असाही समज होता. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी बडोद्यात छायाचित्रणाचा व्यवसाय केला, तेव्हा कॅमेरा माणसातील शक्ती शोषून घेतो या समजुतीमुळे त्यांना गिऱ्हाईक मिळेना, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. आज तो समज राहिलेला नाही. पण हे चित्र आपल्या मागे हार घालण्यासाठी काढले जात आहे, ही शंका वयस्कर माणसाच्या मनात येते आणि ती अगदीच निराधार नसते. म्हणून 'तुमचा फोटो काढायचाय' असे न म्हणता 'नातवंडांसोबत बसा' असे म्हणावे. आजारी माणसाला तासभर ताटकळत ठेवू नये. सारे जागेवर बसल्यानंतरच त्याला आणून बसवावे आणि त्याचे काम सर्वांत आधी मोकळे करावे.

प्रत्यक्ष काढताना

सर्वांचे एकत्रित छायाचित्र प्रथम काढावे, कारण अर्ध्या तासात मुले कंटाळतात. त्यानंतर आई-वडील दोघे, सर्व भावंडे, लेकी आणि आई-वडील, आजी-आजोबा आणि नातवंडे असे क्रमाने घ्यावे. शेवटी घरातील प्रत्येक ज्येष्ठाचे स्वतंत्र छायाचित्र घेण्यास विसरू नये. आमच्या कार्यालयात लोक ज्याच्यासाठी अडतात ते हेच.

मोठ्या गटात कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच. यावर ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतील दोघांनी गणित मांडले आणि त्यासाठी त्यांना २००६ मध्ये विनोदी संशोधनाचे 'इग नोबेल' पारितोषिक मिळाले. विनोद बाजूला ठेवला तर त्यांचा हिशेब उपयोगाचा आहे : वीसपेक्षा कमी माणसांच्या गटात, प्रकाश चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीनने आणि प्रकाश कमी असेल तर दोनने भागावे. जितके उत्तर येईल तितकी छायाचित्रे काढली की त्यांपैकी एकात तरी सर्वांचे डोळे उघडे असण्याचा चांगला संभव असतो. म्हणजे पंधरा जणांसाठी सकाळच्या स्वच्छ उजेडात पाच वेळा बटण दाबावे.

जे येऊ शकले नाहीत त्यांना नंतर संगणकावर चिकटविण्याचा मोह होतो. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने दिवंगत व्यक्तीलाही शेजारी बसविले जाते आणि जुनी, फाटकी छायाचित्रे 'नवी' केली जातात. त्यात चेहऱ्याचे बारकावे बदलतात आणि आजोबांऐवजी त्यांच्यासारखा दिसणारा कुणीतरी समोर येतो. असे काही करायचेच असेल तर वेगळ्या प्रतीवर करावे. मूळ चित्राला हात लावू नये. दिवंगत व्यक्तीची तसबीर हातात घेऊन बसण्याची जुनी रीत यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

कागदावर उतरवा, नावे लिहा

छायाचित्र हाती आले की किमान तीन प्रती काढाव्यात : एक भिंतीसाठी, एक आल्बमसाठी आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या भावंडाकडे ठेवण्यासाठी. फाईलीही पेनड्राईव्ह, संगणक आणि इंटरनेटवरील साठवण अशा निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

त्यानंतर सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे नावे लिहिणे. प्रतीच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने तारीख, ठिकाण आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे पूर्ण नाव लिहावे. बॉलपेनने लिहू नये. त्याचे वळ पुढच्या बाजूस उमटतात आणि शाईही पसरते. 'आई', 'तात्या', 'आक्का' एवढेच लिहून चालत नाही, कारण पन्नास वर्षांनी कुणाची आई, हे सांगायला कुणी नसेल. याच बैठकीत घरातील जुनी ट्रंक उघडून आधीची छायाचित्रेही वडीलधाऱ्यांसमोर ठेवावीत आणि त्यातील माणसांची नावे विचारून घ्यावीत. ती सांगू शकणारी व्यक्ती घरात बहुधा एकच उरलेली असते.

पूर, ऊन आणि वाळवी

कृष्णाकाठच्या गावांना छायाचित्रे जपण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांनी सांगली जिल्ह्याला वेढले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. पाणी ओसरल्यावर भांडी धुता येतात, धान्य पुन्हा भरता येते. चिखलात चिकटून गठ्ठा झालेले आल्बम मात्र अनेकांना टाकून द्यावे लागतात.

भिजलेली छायाचित्रे लगेच टाकू नयेत. गठ्ठा तसाच वाळू दिला तर ती कायमची चिकटतात. ओली असतानाच स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळुवारपणे सुटी करावीत, चित्राच्या पृष्ठभागाला बोट न लावता धुवावीत आणि चित्राची बाजू वर करून स्वच्छ कापडावर सावलीत वाळवावीत. दोन दिवसांत सारी वाळविणे शक्य नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावीत. सवडीने एकेक काढता येतात. काचेला चिकटलेले छायाचित्र ओढू नये. काचेसकट त्याची प्रत काढून घ्यावी.

एरवीच्या काळजीसाठी चार गोष्टी पाळाव्यात. तसबीर थेट ऊन पडणाऱ्या किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये. काच आणि छायाचित्र यांमध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालून थोडे अंतर ठेवावे. चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले आल्बम वापरू नयेत; त्यातील चिकटद्रव्याने छायाचित्रे पिवळी पडतात आणि निघतही नाहीत. वाळवी आणि कसर लागू नये म्हणून आल्बम जमिनीलगतच्या कपाटात न ठेवता वरच्या फळीवर ठेवावा. पुराच्या वेळीही ती फळीच उपयोगी पडते.

चौकट : महिनाभर आधीपासून

- महिनाभर आधी : तारीख ठरवून सर्वांना कळविणे, छायाचित्रकाराचे काम पाहून बोलणी करणे.
- आठवडाभर आधी : माणसांची यादी, रांगांचा आराखडा, खुर्च्या व सतरंजी यांची सोय.
- आदल्या दिवशी : कपडे, टोप्या, चष्मे काढून ठेवणे, जागा झाडून मागच्या बाजूच्या बादल्या, दोऱ्या, गाड्या हलविणे.
- त्या दिवशी : लहान मुलांना आधी खाऊ घालणे, सर्वांचे छायाचित्र प्रथम, ज्येष्ठांची स्वतंत्र छायाचित्रे न चुकता.
- पंधरा दिवसांत : प्रती काढणे, नावे लिहिणे, एक प्रत गावाबाहेर पाठविणे.

एवढ्या साऱ्यासाठी घरच्यांची एक सकाळ आणि बेताचा खर्च लागतो. तो सण-समारंभातील मंडप किंवा जेवणावळीच्या खर्चापुढे अल्पच असतो. पुण्यस्मरणाच्या जाहिरातीसाठी आमच्याकडे येणाऱ्यांपैकी क्वचित एखादा पाकिटातून स्वच्छ, मोठे, मागे नाव व तारीख लिहिलेले छायाचित्र काढून देतो. त्याचे काम दोन मिनिटांत होते. परत घेताना तो ते छायाचित्र क्षणभर पाहतो आणि 'भाऊबीजेला काढलं होतं, सगळे होतो' असे सांगतो. येत्या भाऊबीजेला आपल्याही घरी सगळे जमणार असतील, तर छायाचित्रकाराला आजच सांगून ठेवावे.